लेदर सीटवरचे हट्टी डाग : कोकणातल्या गाड्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंटरनेटवर लेदर साफ करण्याचे सल्ले भरपूर मिळतात, पण ते कोरड्या हवेतल्या गाड्यांसाठी दिलेले असतात. त्यात फणसाचा चीक नसतो, मासळीची पिशवी नसते आणि चार महिने न सुकणारी हवाही नसते. म्हणून रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतचे लोक पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. माझ्या पाहण्यात डागाने जितक्या सीटा खराब झाल्या, त्याहून जास्त डाग काढताना झाल्या. खालची बरीचशी उत्तरं त्या काळजीतून आली आहेत.

१. माझी सीट खरंच लेदरची आहे की रेक्झिन? ओळखायचं कसं?

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत ज्याला लेदर म्हणतात ते लेदरेट (बोलण्यातलं रेक्झिन) असतं, म्हणजे कापडावर चढवलेलं पीव्हीसी किंवा पॉलियुरेथेन. कित्येक गाड्यांत बसायचा भाग खऱ्या लेदरचा आणि बाजू, पाठ लेदरेटची असं मिश्रणही असतं. गाडीच्या माहितीपुस्तिकेत नीट लिहिलेलं असतं, आधी ते बघा. ते हाताशी नसेल तर सीटच्या खाली, शिवणीपाशी कापलेली कड दिसते का पाहा. आत धागे विणलेलं कापड दिसलं तर लेदरेट, तंतू सुटल्यासारखी खरखरीत कड दिसली तर चामडं.

खऱ्या लेदरचेही दोन प्रकार. सीटच्या न दिसणाऱ्या भागावर पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंब तसाच उभा राहिला तर वर रंगाचा आणि संरक्षणाचा थर आहे. बहुतेक गाड्यांचं लेदर असंच असतं. थेंब मुरून जागा काळपट झाली तर लेदर उघडं आहे. अशा सीटवर खालचे बरेचसे उपाय करू नका, थेट जाणकाराकडे न्या. मऊ लव असलेली स्वेडसारखी सीट हा वेगळाच प्रकार. तिला इथलं काहीच लागू होत नाही.

२. डाग पडला की सगळ्यात आधी काय करू?

टिपा, घासू नका. सुती कापड किंवा टिश्यू डागावर नुसता दाबून धरा, ओलं झालं की बाजू बदला. बाहेरच्या कडेकडून मध्याकडे या, नाहीतर डाग पसरतो. घट्ट पदार्थ असेल तर जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने उचलून घ्या. आणि लगेच शिवणीकडे बघा. पातळ पदार्थ शिवणीतून फोममध्ये उतरला असेल तर वरचं लेदर चकचकीत करून उपयोग नाही, वास खालून येत राहतो.

३. घरच्या घरी साफ करायला काय वापरू? आणि पाणी कुठलं?

लेदर साफ करण्यासाठी मिळणारा पीएच न्यूट्रल (ना तीव्र आम्ल, ना अल्कधर्मी) क्लीनर सगळ्यात चांगला. तो नसेल तर अर्धा लिटर कोमट पाण्यात पाव चमचा लहान बाळांचा शाम्पू घाला, हलवून फेस करा आणि फक्त फेस मऊ कापडावर घेऊन पुसा. पाणी सीटवर ओतायचं नाही, फवारायचंही नाही. नंतर साध्या पाण्यात पिळलेल्या कापडाने शाम्पू काढा आणि कोरड्या कापडाने लगेच टिपा.

पाण्याचा प्रश्न आपल्याकडे खरोखर महत्त्वाचा आहे. किनाऱ्यालगतच्या बऱ्याच विहिरी मचूळ असतात. त्या पाण्याने पुसलं की सुकल्यावर मिठाची कड उरते. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर आणखी वाईट, कारण चहा किंवा काजूच्या बोंडूतलं टॅनिन लोहाशी मिळालं की डाग काळा पडतो. प्यायचं फिल्टरचं पाणी घ्या. पावसाळ्यात पहिल्या सरी जाऊ दिल्यानंतर धरलेलं स्वच्छ पावसाचं पाणीही उत्तम.

काहीही वापरण्याआधी सीटच्या मागच्या बाजूला बोटाएवढ्या जागेवर लावून सुकेपर्यंत थांबा. कापडाला सीटचा रंग लागला तर तो उपाय तिथेच सोडून द्या.

४. लिंबू, खायचा सोडा, टूथपेस्ट, नेलपॉलिश रिमूव्हर, खोबरेल तेल... यातलं काय चालेल?

नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नाही. ॲसिटोन डागाआधी सीटचा रंगच विरघळवतो. टूथपेस्ट आणि ‘जादूचा’ पांढरा मेलामाइन स्पंज हे दोन्ही बारीक पॉलिश पेपरसारखं काम करतात. डाग गेल्यासारखा वाटतो, पण वरचा थर गेलेला असतो आणि पुढचा डाग थेट चामड्यात मुरतो. लेदर स्वभावतः थोडं आम्लधर्मी असतं, त्यामुळे सोडा, कपड्यांचा साबण, अमोनिया असलेलं काच पुसायचं द्रव हे सगळं त्याच्या उलट जातं. लिंबू आम्ल आहे म्हणून चालेल असं नाही, नेमकं किती तीव्र ते कळत नाही आणि वर साखर चिकटते.

खोबरेल तेलाविषयी आपल्याकडे फार विश्वास आहे. सीट मऊ राहते म्हणून पूर्ण सीटला चोळतात. थर असलेल्या लेदरमध्ये ते फारसं उतरत नाही, वरच राहतं, धूळ धरतं, खवट होतं आणि पावसाळ्यात त्यावर बुरा चढतो. एका ठिकाणी मात्र ते खरंच कामाचं आहे, ते प्रश्न ७ मध्ये.

५. कालवण सांडलं. तेल पुसलं, हळद राहिली. साबण लावला तर लालच झाली!

हळदीतलं कर्क्युमिन अल्कधर्मी साबण लागला की लाल होतं. घाबरू नका, साध्या पाण्याच्या कापडाने साबण पूर्ण काढला की ते पुन्हा पिवळं होतं. आधी प्रश्न ३ मधल्या फेसाने तेलकटपणा दोनतीनदा काढा, कारण तेल असेपर्यंत हळद सुटत नाही. उरलेला पिवळेपणा उजेडावर सोडा. कर्क्युमिन सूर्यप्रकाशात फिकं पडतं. सकाळचं कोवळं ऊन सीटवर येईल अशी गाडी लावा आणि काही दिवस धीर धरा. दुपारचं ऊन नको, त्याने लेदर कडक होतं.

६. आगळ (कोकमाचा रस), सोलकढी किंवा जांभळाचा डाग?

कोकम आणि जांभूळ यांचा रंग पाण्यात विरघळणारा, त्यामुळे ओला असताना थंड पाण्याच्या कापडाने बहुतेक निघतो. सोडा लावलात तर लाल रंग निळसर-काळपट होतो आणि लोकांना वाटतं डाग वाढला. सुकलेल्या डागावर एक भाग पांढरं व्हिनेगर, चार भाग पाणी असं मिश्रण कापडावर घेऊन टिपा, मग साध्या पाण्याने. सोलकढीत नारळाचं दूधही असतं, म्हणून तिथे आधी फेस, मग व्हिनेगर.

७. फणसाचा चीक चिकटला आहे. घासून घासून काळा झाला. काय करू?

आधी घासणं थांबवा. फणसाचा चीक हा रबरासारखा पदार्थ आहे. पाण्याने तो आणखी घट्ट होतो, घासल्याने त्यात मळ मुरतो.

घरात फणस फोडताना आपण विळीला आणि हाताला खोबरेल लावतो, तेच ज्ञान इथे वापरायचं. ताजा, जाड गोळा असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ घालून पाचेक मिनिटं त्यावर ठेवा. चीक कडक झाला की कार्डाच्या कडेने अलगद उचला. उरलेल्या पापुद्र्यावर कापडाच्या टोकाला खोबरेलाचे दोन थेंब घेऊन लावा, मिनिटभर थांबा, गोल न फिरवता एका दिशेने पुसा. मऊ होऊन सुटेल. राहिला तर पुन्हा. शेवटी फेसाने तेलाचा अंशही राहणार नाही इतकं पुसायचं, कारण उरलेलं तेल म्हणजे पुढच्या बुऱ्याची सोय. उघड्या लेदरवर (प्रश्न १) हा उपाय करू नका, तेलाचाच डाग पडेल.

आंब्याच्या देठाचा चीक वेगळा. तो पातळ आणि दाहक. ज्या चिकाने ओठाच्या कडेला चट्टा उठतो, तो सीटच्या थरालाही सोडत नाही. पेट्यांतून आंबा गळून सीटवर चीक लागला तर वाट न बघता ओल्या कापडाने टिपा. सुकून राळेसारखा झाला असेल तर कोमट ओलं कापड काही मिनिटं ठेवून मऊ करा, मग फेस. तरीही चिकट राहिला तर प्रश्न १२ मधली अल्कोहोलची पद्धत, तितक्याच जपून.

८. काजूचे डाग जातात का?

बोंडूचा रस ताजा असताना जवळजवळ रंगहीन दिसतो म्हणून लोक सोडून देतात. दोन दिवसांत तपकिरी होतो आणि मग सुती कपड्यावरून जसा जात नाही तसाच लेदरवरून जात नाही. ताजा असतानाच पुसा. जुना झाला असेल तर फिका होईल, पूर्ण जाईल अशी आशा मी देणार नाही.

ओल्या काजूच्या पिशव्या सीटवर ठेवत असाल तर कृपया थांबा. टरफलातलं तेल कातडी जाळतं, सीटचा थरही. हातमोजे घालून कोरड्या कापडाने टिपा, मग भरपूर फेस. जागा फुगलेली किंवा सोललेली दिसली तर साफसफाई संपली, पुढे रंगकाम (प्रश्न १६).

९. मासळीचं पाणी मागच्या सीटवर सांडलं. डाग दिसत नाही पण वास जात नाही.

हर्णै, मिरकरवाडा, मालवण, कुठल्याही बंदरावरून येणाऱ्या गाड्यांचा हा प्रश्न. मासळीच्या पाण्यात तीन गोष्टी असतात: रक्त, मीठ आणि वासाची अमाइन्स. तिन्हींना वेगळी वागणूक हवी.

रक्त आणि प्रथिनं गरम पाण्याने घट्ट बसतात, म्हणून थंड पाणीच. मीठ दोनतीनदा गोड्या पाण्याच्या कापडाने निघतं. वास अल्कधर्मी असतो, म्हणून आम्लाने मरतो. मासळीला आपण आगळ किंवा लिंबू लावतो त्यामागेही हेच. सीटवर मात्र आगळ नाही, प्रश्न ६ मधलं पातळ व्हिनेगर.

खरं दुखणं शिवणीखाली असतं. सीटचा बसायचा भाग निघत असेल तर (बऱ्याच गाड्यांत मागची सीट पुढून वर ओढली की सुटते) काढून उलटा करा. फोमला खालून पातळ व्हिनेगर टिपा, मग साधं पाणी, आणि पंख्याखाली पूर्ण सुकवा. पाळीव प्राण्यांच्या डागांसाठी मिळणारे एन्झाइमचे फवारे फोमवर ठीक, लेदरला लागू देऊ नका. ती एन्झाइम्स प्रथिनं तोडतात आणि चामडं हे स्वतः प्रथिनच आहे.

पुढच्या सीटखाली पिवळ्या रंगाचे वायरजोड असतात, ते एअरबॅगचे. पुढची सीट स्वतः सोडवू नका.

१०. समुद्रावरून आल्यावर सीटवर पांढरे पट्टे उमटतात. आणि तांबडी माती तर शिवणीतून निघतच नाही.

पांढरे पट्टे म्हणजे मीठ. मीठ हवेतली ओल ओढतं, त्यामुळे पावसाळ्यात ती जागा कायम दमट आणि उन्हाळ्यात ताठर. गोड्या पाण्याचं पिळलेलं कापड, दोनदा, मग कोरडं कापड. गणपतीपुळ्याहून किंवा तारकर्लीहून निघताना सीटवर जाड पंचा अंथरला तर हा प्रश्न उरतच नाही. ओल्या कपड्यांखाली प्लास्टिक घालू नका, पाणी कडेने वाहून शिवणीतच जातं.

माती उलट. तिला आधी पाणी लावायचंच नाही. जांभ्याच्या मातीचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा. ओली झाली की ती गेरूसारखी रंगवते आणि कण थरावर ओरखडे काढतात. पूर्ण सुकू द्या, मऊ ब्रशने शिवणीतून वर आणा, व्हॅक्यूमने ओढा. मग फेस. बारीक छिद्रांच्या सीटवर (पंखा असलेल्या) फेसही थेट छिद्रांवर नको, कापड जवळजवळ कोरडं हवं.

११. पावसाळ्यात सीटवर पांढरा-हिरवट बुरा येतो. पुसला की आठ दिवसांत परत. गाडी गावी उभी असते.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. गणपतीला आलेले चाकरमानी गाडीचं दार उघडतात आणि आत सगळीकडे भुरी. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. बंद गाडीतली हवा सुकायला तिथे वावच नसतो.

साफ करताना गाडी उघड्यावर, दारं सताड उघडी, तोंडाला मास्क. आधी कोरड्या मऊ ब्रशने बुरा झाडा आणि तो ब्रश इतर कशाला वापरू नका. मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन, कापड घट्ट पिळून पुसा. लपलेल्या जागेवर चाचणी आधी झालेलीच असावी. काही मिनिटांनी साध्या पाण्याचं कापड, मग कोरडं. सीटच्या मागचे खिसे, सीटबेल्टचे पट्टे आणि डोकं टेकायच्या उशीची भोकं विसरू नका, बुरा तिथून परत येतो. उशीवर केसांच्या तेलाचा थर असतो, तो फेसाने आधी काढा. बुऱ्याला तो खाऊच आहे.

आता परत का येतो ते. पायाखालचा गालिचा उचलून खालचा फोम दाबून बघा. ओला लागला तर सीट पुसून काही होणार नाही. समोरच्या काचेखालच्या जाळीत पानं अडकली की तिथलं पाणी बाहेर न जाता आत उतरतं. आंब्या-फणसाच्या झाडाखाली लावलेल्या गाड्यांत हे हमखास. एसीची पाणी सोडायची नळी तुंबली तरी तेच.

गाडी उभीच राहणार असेल तर गावातल्या कोणाला तरी चावी द्या. आठवड्यातून एकदा उघडिपीच्या दिवशी वीसेक मिनिटं इंजिन आणि एसी चालू ठेवला तर आतली ओल बरीच कमी होते. इंजिन मोकळ्या अंगणातच चालू करायचं, बंद शेडमध्ये नाही. कापूर ठेवून ओल कमी होत नाही, फक्त वास झाकला जातो. सिलिका जेल चांगलं, पण ते भरतं, काढून सुकवावं लागतं. ओल शोषून पाणी जमवणारे डबे सीटवर कधीही ठेवू नका. आत कॅल्शियम क्लोराइड असतं, सांडलं तर लेदर आक्रसतं. ठेवायचेच तर खाली, ताटलीत. आणि गाडीवर प्लास्टिकचं अंगासरशी आवरण घालणं म्हणजे ओल आत कोंडणं. पागोळ्या न पडणारी, वारा खेळणारी शेड कुठल्याही आवरणापेक्षा बरी.

१२. मुलाने बॉलपेनने रेघोट्या मारल्या आहेत.

जितक्या लवकर तितकं बरं. शाई थरात उतरली की संपलं. कापसाच्या काडीवर औषधाच्या दुकानात मिळणारं ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, काडी जवळजवळ कोरडी करा आणि रेघेवर टेकवत जा. काडीवर निळा आला की नवी काडी. सीटचा रंग येऊ लागला की त्या क्षणी थांबा, अर्धी रेघ परवडते. नंतर फेस, मग लेदर कंडिशनर (चामडं मऊ ठेवणारं क्रीम). हेअरस्प्रे मारायचा जुना सल्ला सोडा, तो चिकट थर ठेवतो.

१३. फिकट सीटला जीन्सचा निळा रंग लागला.

हा मळ नाही, कापडाचा रंग आहे, आणि आपल्या दमट हवेत घामाने आणखी लागतो. नवीन असेल तर फेस तीनचार वेळा. महिने झाले असतील तर तो थरात मुरलेला असतो. प्रश्न १२ ची पद्धत एवढ्या मोठ्या जागेवर वापरू नका, ठिपके-ठिपके पडतात.

१४. घाटात उलटी झाली. पुढे तीन तास प्रवास होता.

कशेडी असो की आंबोली, गाडीत पाण्याची बाटली, जुनी पंच्याची फडकी आणि पिशव्या ठेवा. घट्ट भाग कार्डाने उचला, थंड पाण्याच्या फडक्याने टिपा. एवढं वाटेतच करा, कारण पोटातलं आम्ल तासाभरातही थर निस्तेज करू शकतं. घरी पोहोचल्यावर फेस. वास राहिला तर शिवण आणि फोमसाठी प्रश्न ९.

१५. गणपतीच्या मिरवणुकीतला गुलाल, शिमग्याचा रंग, देवळातला शेंदूर?

गुलाल आणि कोरडा रंग मातीसारखाच, आधी व्हॅक्यूम (प्रश्न १०), पाणी शेवटी. एक थेंब पाणी पडलं तरी रंग विरघळून मुरतो. शेंदूर तेलात कालवलेला असतो. कोरड्या टिश्यूने उचला, पसरवू नका, मग फेस. त्यात शिसं असू शकतं म्हणून हातमोजे घाला आणि फडकं टाकून द्या.

१६. डाग गेला, पण तिथे सीट फिकी आणि खरखरीत झाली.

म्हणजे थर गेला. यावर कंडिशनर चोळून रंग परत येत नाही. शहरातले चांगले डिटेलिंगवाले किंवा सीट शिवणारे लेदरचा रंग जुळवून नवा थर देतात. काम देण्याआधी विचारा : आधी लपलेल्या भागावर रंग जुळवून दाखवाल का? वर संरक्षक थर देता का? बुटाचं पॉलिश लावणाऱ्याकडे जाऊ नका, ते कपड्यांना लागतं. लेदरेट सोलून पापुद्रे निघत असतील तर रंगकामही टिकत नाही. दमट हवेत पॉलियुरेथेन हळूहळू तुटतंच, तो भाग बदलून शिवून घेणं हाच मार्ग.

१७. कंडिशनर किती वेळा? आणि सीट कव्हर घालून टाकू का?

खऱ्या लेदरला वर्षातून दोनदा पुरे, एकदा पाऊस संपून सीट पूर्ण सुकल्यावर आणि एकदा मार्चमध्ये. पावसाळ्यात नको. लेदरेटला कंडिशनरची गरज नाही. कव्हर घालायचंच तर हवा खेळणारं सुती. सीटच्या कडेला एअरबॅगची खूण असेल तर त्या जागेला मोकळं ठेवलेलं कव्हरच घ्या, बाकी कुठलंही स्वस्त पडलं तरी नाही.

१८. पुरात गाडी बुडाली. लेदर सीट वाचेल का?

२२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर हा प्रश्न दर पावसाळ्यात येतो. लेदर स्वतः कदाचित वाचेल, खालचा फोम सहसा नाही. पुराच्या पाण्यात बारीक गाळ आणि सांडपाणी असतं, ते फोममधून धुऊन निघत नाही. इग्निशन चालू करू नका, बॅटरी जाणकाराकडून सोडवून घ्या, कशालाही हात लावण्याआधी आतले-बाहेरचे फोटो काढा आणि विमा कंपनीला कळवा. आधी साफसफाई केली तर नुकसान दाखवणं अवघड होतं.

त्यानंतर सीट काढून लेदरचं आवरण फोमवरून सोडवावं लागतं. गाळ ओला असतानाच गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुवायचा. सावलीत, वाऱ्यावर, आकार धरून सुकवायचं. उन्हात किंवा हीटरसमोर सुकवलेलं लेदर आक्रसतं आणि पुन्हा सीटवर चढत नाही. थोडं दमट असतानाच कंडिशनरचा पातळ हात द्यायचा. फोम नवा घ्या. सीटमधले एअरबॅग, सेन्सर आणि सीटबेल्टला ताण देणारे भाग कंपनीच्या वर्कशॉपमध्ये तपासल्याशिवाय त्या सीटवर कोणाला बसवू नका.